बीटवरची वही : शहर पोलीस विभागाचे लोकसंपर्क उपक्रम कसे उभे करावेत

कार्यक्रम छान होतो. सभागृहाच्या दारात रांगोळी, मंचावर परिमंडळाचे उपआयुक्त, मागे ‘पोलीस आपले मित्र’ असा फलक, शेवटी समोसा आणि चहा. पुढच्या आठवड्यात त्याच वस्तीतल्या एका बाईच्या दारासमोर रात्री साडेअकराला चौघे दारू पिऊन धिंगाणा घालतात. ती दार लावून घेते. ११२ ला फोन केला तर गाडी येईल, हे तिला ठाऊक असतं. पण गाडी गेल्यावर उद्या सकाळी त्या चौघांच्या समोरूनच पाण्याला जायचं असतं. चौकीतला एखादा ओळखीचा माणूस असता तर तिने त्याला हळूच सांगितलं असतं. तो तिला माहीतच नाही. आठवड्यापूर्वीच्या कार्यक्रमात ती पहिल्या रांगेत बसली होती.

शहर पोलीस दलात मी एकतीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं सहायक पोलीस आयुक्त म्हणून एक विभाग सांभाळला. हा लेख नव्याने विभागाचा किंवा ठाण्याचा चार्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे, आणि तितकाच सोसायटीचे सचिव, मंडळांचे कार्यकर्ते, बचत गटातल्या ताई, शाळांचे मुख्याध्यापक यांच्यासाठी आहे. निम्मं काम त्यांच्याच हातात असतं आणि त्यांना ते कोणी नीट सांगत नाही.

आयुक्तालयाची उतरंड आधी डोळ्यासमोर ठेवा. आयुक्तालयात परिमंडळं असतात, परिमंडळाला पोलीस उपआयुक्त. परिमंडळाखाली विभाग, त्याला सहायक पोलीस आयुक्त. विभागात दोन-चार पोलीस ठाणी, प्रत्येक ठाण्याला वरिष्ठ निरीक्षक, आणि ठाण्याच्या हद्दीचे तुकडे म्हणजे बीट. पत्रकं वरून निघतात, माणसं बीटवर भेटतात. म्हणून उपक्रमाची आखणी विभागाने करावी आणि त्याचा चेहरा मात्र बीट अंमलदाराचा, म्हणजे त्या बीटवर नेमलेल्या पोलिसाचा असावा. उलटं झालं की फोटो येतात, माणसं येत नाहीत.

भिवंडीने काय केलं होतं

महाराष्ट्रात या कामाचा धडा शिकायचा तर भिवंडीकडे जावं लागतं. यंत्रमागांचं, दाटीवाटीचं, हिंदू-मुस्लिम दोघांचं गाव. १९७० मध्ये तिथे भीषण दंगल झाली, मे १९८४ मध्ये पुन्हा झाली. त्यानंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे तिथे पोलीस उपआयुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. दोन दंगलींचा इतिहास असलेलं गाव त्या दिवसांत शांत राहतं, हे आम्हा पोलिसांना तेव्हा खरं वाटत नव्हतं.

शांतता समित्या त्याआधीही होत्याच. सणाच्या तोंडावर ठाण्यात प्रतिष्ठितांना बोलवायचं, चहा पाजायचा, ‘सहकार्य करा’ म्हणायचं. भिवंडीत फरक हा होता की समित्या वस्तीवस्तीत होत्या, त्यांत रोज कामाला जाणारी साधी माणसं होती, दोन्ही समाजांची माणसं एकाच बैठकीत समोरासमोर बसत होती, आणि शांततेच्या काळातही बैठका होत होत्या. बोलणं दंगलीवर कमी आणि गटार, नळ, भाडेकरू, घरातली भांडणं यांवर जास्त. तणावाची रात्र आली तेव्हा या माणसांना एकमेकांची नावं माहीत होती आणि शिपायाचं नावही माहीत होतं.

मुंबईने हे दंगलीनंतर उचललं. सतीश साहनी आयुक्त असताना, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, १९९४ पासून मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. वस्त्यांतली मुलं आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामनेही त्यातूनच सुरू झाले. केरळने २००८ मध्ये ‘जनमैत्री सुरक्षा’ नावाने बीटच्या पोलिसाला घरोघरी ओळख करून घ्यायला लावलं. ठिकाणं वेगळी, काळ वेगळा, पण प्रत्येक ठिकाणी मुळाशी ओळख असलेला, पुन्हा पुन्हा येणारा एक पोलीस आहे.

आधी हद्द पायाखाली घाला

पहिले पंधरा दिवस एकही कार्यक्रम घेऊ नका. बीट अंमलदाराला सोबत घ्या आणि चाला. गाडी चौकीतच ठेवा.

चालताना एका कागदावर बीटचा हातनकाशा काढा. ठाण्यातला छापील नकाशा रस्ते दाखवतो. तुम्हाला माणसं कुठे जमतात ते हवंय. रिक्षा स्टँड, मजुरांचा नाका, सार्वजनिक नळ, व्यायामशाळा, मशीद, मंदिर, बुद्धविहार, चर्च, गणेश मंडळांच्या जागा, क्लासेसची गल्ली, भाजी मार्केट, दारूचं दुकान, बंद पडलेली गिरणी किंवा शेड, दिवे नसलेला जिना, झोपडपट्टी पुनर्वसनातली नवी इमारत. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहा. नाक्यावर सकाळी सात ते नऊ गर्दी असते, क्लासच्या गल्लीत संध्याकाळी साडेसहाला, आणि पुनर्वसनाच्या इमारतीच्या जिन्यात रात्री दहानंतर बाहेरची मुलं येऊन बसतात.

या नकाशावर दोन गोष्टी आपोआप दिसतात. एक म्हणजे तुमची गस्त आणि लोकांची भीती यांच्या वेळा जुळत नाहीत. दुसरी, वस्तीतले बरेच लोक तुमच्या कुठल्याच यादीत नाहीत. भाड्याने राहणारे, घरकाम करणाऱ्या बायका, परप्रांतातून आलेले कामगार, हॉस्टेलवरची मुलं. नेहमीच्या बैठकीला हे कधीच येत नाहीत, आणि गुन्ह्याचा फटका बहुतेक वेळा यांनाच बसतो.

माणसं निवडताना

बीटच्या समितीत पंधरा ते वीस माणसं पुरेत. त्यांत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात, आणि त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणून नव्हे. अंगणवाडी सेविका, आशा ताई, बचत गटाच्या अध्यक्षा, पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई, यांना वस्तीतलं जितकं कळतं तितकं कुठल्याही पुढाऱ्याला कळत नाही. एक रिक्षावाला घ्या, एक औषधाचा दुकानदार घ्या (रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि कोण कसली गोळी मागायला येतो ते त्याला दिसतं), एक शिक्षक, एक सोसायटीचा वॉचमन, एक-दोन कॉलेजची मुलं. वस्तीत जितके समाज आहेत तितक्यांची माणसं हवीत, आणि ती एकाच बैठकीत हवीत. जातीधर्मानुसार वेगळ्या बैठका घेतल्या की आपणच भिंत बांधतो.

निवडलेल्या प्रत्येकाची माहिती गोपनीय अंमलदाराकडून (ठाण्यासाठी गुप्त माहिती काढणारा पोलीस) काढून घ्या. गुन्हे दाखल असलेला, सावकारी करणारा, जागेच्या वादात अडकलेला माणूस समितीत आला की चांगली माणसं गप्प बसतात. चालू पदाधिकारी, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, सभासद नको. त्यांना मानाने बोलवा, वर्षातून दोनदा, सर्वांसमक्ष.

आणि ओळखपत्रं देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो. एका ठाण्यात असताना मी समितीच्या सभासदांना फोटो असलेली, ठाण्याचा शिक्का मारलेली कार्डं वाटली होती. लोकांना मान मिळेल, हुरूप येईल, असं वाटलं होतं. सहा महिन्यांत एकाने गाडीच्या काचेवर ‘पोलीस मित्र’ लिहून घेतलं, दुसरा फेरीवाल्यांना कार्ड दाखवून फुकट माल उचलू लागला. एक म्हातारी फुलवाली चौकीत येऊन मला म्हणाली, “साहेब, आता तुमच्या माणसालाही द्यायचं का?” त्या दिवशी सगळी कार्डं परत घेतली. सभासदाचं नाव ठाण्याच्या नोंदीत असू द्या, चौकीच्या फलकावर असू द्या. खिशात काही नको. समिती तपास करत नाही, दंड घेत नाही, तडजोडी घडवून आणत नाही, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांदेखत सांगा.

बैठक, आणि तिची वही

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. ‘पहिल्या शनिवारी रात्री आठ वाजता, अंगणवाडीत’ असं लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे. ठाण्यात शक्यतो नको. ठाण्याची पायरी चढताना लोकांना, विशेषतः बायकांना, अजूनही चारचौघांची नजर जाणवते. वेळ वस्तीची पाहा. नोकरदार सोसायटीत रविवारी सकाळ चालेल, कामगार वस्तीत पाळीप्रमाणे ठरवावं लागेल. खुर्च्या गोल मांडा. मंच नको, हार नको, सत्कार नको.

बैठक चाळीस मिनिटांची. पहिली दहा मिनिटं मागच्या महिन्याच्या तक्रारींचं काय झालं ते बीट अंमलदाराने वाचून दाखवायचं. पुढची पंचवीस मिनिटं लोकांची. वरिष्ठ निरीक्षकांनी सर्वांत शेवटी, पाच मिनिटं बोलायचं. साहेब आधी बोलले की लोक साहेबांना आवडेल तेच बोलतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की या क्रमाबद्दल मी हट्टी आहे.

आता वही. माझ्या मते सगळ्या उपक्रमात एकच गोष्ट ठेवायची असेल तर ही ठेवा. साधी दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पाच रकाने : तारीख, काय म्हणणं आहे, कोण करणार, कधीपर्यंत, काय झालं. तक्रारदाराचं नाव या वहीत लिहायचं नाही, ठिकाण लिहायचं. ‘जिन्याखाली गांजा ओढणारी मुलं, इमारत चार, रात्री दहानंतर.’ पुढच्या बैठकीत पाचवा रकाना मोठ्याने वाचला जातो.

यातल्या निम्म्याहून जास्त नोंदी पोलिसांच्या अखत्यारीतल्या नसतात. बंद दिवे महापालिकेचे, उघडं डीपी वीज कंपनीचं, तुंबलेलं गटार वॉर्ड ऑफिसचं. ‘हे आमचं काम नाही’ म्हणून नोंद टाळू नका. ठाण्याच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पत्राची तारीख रकान्यात लिहा. एका गल्लीतले तीन दिवे लागले तर सोनसाखळीवाल्यांची ती वाट बंद होते, आणि दिवे लावून घेणाऱ्या हवालदाराला ती गल्ली विसरत नाही. काही गोष्टी होणारच नसतात. तेव्हा ‘होणार नाही, कारण अमुक’ असं लिहा आणि वाचा. लोक नकार पचवतात. उत्तरच न मिळणं त्यांना पचत नाही.

बैठकीत काही गोष्टी मुद्दाम सांगत राहा, कारण लोकांना त्या ठाऊक नसतात आणि ठाऊक नसल्यामुळे ते दारातून परत जातात. दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ई-मेल किंवा तत्सम मार्गानेही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बायकांना, साठ वर्षांवरच्यांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, अपंग आणि गंभीर आजारी माणसांना ठाण्यात बोलावता येत नाही, घरी जावं लागतं. पोलीस स्वतःच्या तोंडाने हे सांगतो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो.

एक मात्र कटाक्षाने पाळा. गुन्हेगाराबद्दलची खबर बैठकीत घेऊ नका. कोणी नाव घेऊन बोलू लागला तर “यावर आपण नंतर बोलू” म्हणून थांबवा आणि त्याच रात्री स्वतः त्याला एकट्याला भेटा, साध्या कपड्यांत. भर बैठकीत दिलेलं नाव तासाभरात त्या माणसापर्यंत पोचतं.

एकटे राहणारे ज्येष्ठ

शहरात या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूला, इथे दोन खोल्यांत आजी-आजोबा, किंवा आता फक्त आजी. त्यांना चोराइतकीच पडण्याची भीती असते, आणि पडलो तर कोणाला कळणारही नाही, ही त्याहून मोठी.

सोसायट्यांकडून आणि ज्येष्ठ नागरिक संघाकडून एकट्या राहणाऱ्यांची यादी करा. यादीत वय, मजला, आजार, डॉक्टर, जवळचा नातेवाईक, शेजारी, कामाला येणारी माणसं आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते लिहा. ही यादी ठाण्यात कुलपात राहिली पाहिजे. ती कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तर चोरासाठी आपणच पत्ते लिहून दिल्यासारखं होईल. मी एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘एकटे राहणारे ज्येष्ठ’ असं शीर्षक देऊन लावलेली यादी स्वतःच्या हाताने काढून टाकलेली आहे.

भेट महिन्यातून एकदा, शक्य असेल तर एकाच अंमलदाराने. पहिल्या भेटीला शेजारी किंवा सचिव सोबत असावा आणि अंमलदाराने दाराबाहेर उभं राहून ओळखपत्र दाखवावं. “आजी, मला आत घेण्याआधी असंच ओळखपत्र मागायचं, कोणी गणवेशात आला तरी,” हा पहिला धडा तिथेच होतो. आत गेल्यावर प्रश्नांची सरबत्ती नको. चहा घ्या. डोळे उघडे ठेवा. दाराला साखळी आहे का, स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत का, टेबलावर बँकेची पासबुकं उघडी पडली आहेत का, औषधांच्या पट्ट्या गेल्या महिन्याइतक्याच आहेत का, हातावर वळ आहेत का. शेवटच्या दोन गोष्टी आजी कधीच बोलून दाखवत नाहीत. घरच्यांबद्दलची तक्रार ओठावर आणायला तिसरी-चौथी भेट लागते.

तशी तक्रार आली तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ बद्दल सोप्या भाषेत सांगा. निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या अधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि मग सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. ज्येष्ठाला टाकून देणं हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. पण घाईने कलमं सांगू नका. बऱ्याच आजींना मुलावर केस नको असते. कोणीतरी येऊन मुलाशी बोलावं, एवढंच हवं असतं. ते बोलणं ठाण्यातल्या सामाजिक कार्यकर्त्या किंवा भरोसा सेल (महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठीचा पोलिसांचा मदत कक्ष) जास्त चांगलं करतात. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मोठ्या अक्षरांत लिहून ती फोनजवळ चिकटवा, आणि चिकटवताना स्वतः एकदा लावून दाखवा.

शाळा आणि मुलं

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन. त्या आठवड्यात शाळांच्या सहली ठाण्यात येतात, शस्त्रं बघतात, वायरलेसवर बोलतात, खूश होऊन जातात. हे जरूर करा. पण या आठवड्यावर वर्ष काढू नका.

वर्षभरासाठी प्रत्येक शाळेला एक ठरलेला अंमलदार किंवा महिला अंमलदार द्या. पुण्यामुंबईकडे ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ म्हणतात ते हेच. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी हजार मुलांपुढे माइकवर बोलण्यापेक्षा एका वर्गात चाळीस मुलांसोबत अर्धा तास बसावं. सहावी ते नववी हे वर्ग सर्वांत महत्त्वाचे. चांगला-वाईट स्पर्श, रस्त्यातली छेडछाड, मोबाइलवरचे फोटो, व्हेप आणि गांजा, हे विषय मुलांशी सरळ बोलता येतात, फक्त शिक्षक वर्गात नसावेत की असावेत हे मुलांनाच विचारा.

वर्गानंतर एखादी मुलगी रेंगाळते, तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, २०१२ सांगतो की अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. शाळेची बदनामी होईल म्हणून दाबता येत नाही. हे मुख्याध्यापकांना जूनमध्येच लेखी द्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. ज्या दीदीला तिने पहिल्यांदा सांगितलं ती दीदी जबाबाच्या वेळी जवळ असेल तर मूल बोलतं. १०९८ हा नंबर मुलांना पाठ असू द्या.

शाळेत तक्रारपेटी ठेवली असेल तर ती दर आठवड्याला, दोघांनी मिळून उघडावी, आणि तिची जागा कॅमेऱ्याखाली किंवा शिक्षक खोलीच्या दारात नसावी. धूळ बसलेल्या तक्रारपेटीपेक्षा पेटी नसलेली बरी.

फोनवरची फसवणूक

यावर भाषणांचा सुकाळ आहे, म्हणून थोडक्यात. लोकांना तीन गोष्टी पाठ हव्यात. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. पैसे गेले तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० ला फोन करा; जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधल्या खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मोबाइल चोरीला गेला तर तक्रार द्या आणि केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करा.

हे सांगायला सायबर तज्ज्ञापेक्षा फसलेला माणूस, त्याची तयारी असेल तर, जास्त उपयोगी पडतो. आणि सापडलेले मोबाइल, दागिने मालकांना परत करण्याचा छोटा कार्यक्रम बीटवरच घ्या. मुद्देमाल परत मिळताना शेजारच्याने पाहिला की तोही आपली जुनी, न दिलेली तक्रार घेऊन येतो.

सणांच्या आधीचा महिना

सणांचा बंदोबस्त हा पोलिसांच्या वर्षातला सर्वांत जड भाग. गणपती, नवरात्र, ईद, मोहरम, १४ एप्रिल, शिवजयंती, दहीहंडी. बैठक सणाच्या आधी आठवडाभर घेतली तर ती सूचना देण्याची बैठक होते. महिनाभर आधी घेतली तर ती ठरवण्याची होते.

आधी मंडळांची आणि सगळ्या समाजांची एकत्र बैठक. मग मिरवणुकीच्या मार्गावर सर्वांसोबत पायी फेरी. वायर कुठे खाली आहे, खड्डा कुठे आहे, मशिदीसमोरून जाताना वाजंत्री कुठून कुठपर्यंत बंद ठेवायची, नमाजाची वेळ काय, रुग्णालय कुठे. हे कागदावर ठरत नाही, रस्त्यावर उभं राहून ठरतं. ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा कोणत्या दिवशी किती सैल आहे, हे शासनाच्या त्या वर्षीच्या आदेशातून वाचून दाखवा, म्हणजे शेवटच्या रात्री हुज्जत होत नाही. मंडपाची, वाहतुकीची, अग्निशमनाची परवानगी महापालिकेच्या एक खिडकीवर कशी मिळते ते नव्या मंडळांना शिकवायला जुन्या मंडळांची मुलं लावा.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे, २९ ला काढायचं ठरवलं, आणि राज्य शासनाने २९ तारखेची सुटी दिली. २०२४ मध्ये पुन्हा तारखा लागून आल्या, तेव्हाही मुंबईतला जुलूस विसर्जन उरकल्यावर, १८ सप्टेंबरला निघाला. असा समजूतदारपणा हुकुमाने येत नाही. वर्षभर एकाच अंगणवाडीत मांडी घालून बसलेली माणसंच एकमेकांना म्हणू शकतात, “या वेळी तुम्ही आधी, आम्ही उद्या.” आणि ज्यांनी आपली तारीख पुढे ढकलली त्यांचे आभार विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाच्या अध्यक्षाने माइकवरून मानावेत, हे तुम्ही त्याला आदल्या दिवशी सुचवा. छोटी गोष्ट आहे, पण दोन्ही बाजूंची मुलं ती लक्षात ठेवतात.

अफवेची रात्र

समितीचा खरा कस लागतो तो एखाद्या रात्री. कुठल्या तरी दुसऱ्या शहरातला व्हिडिओ फिरू लागतो, ‘आपल्या नाक्यावर झालंय’ अशी ओळ जोडून. त्या रात्री काय करायचं ते शांत दिवसात लिहून ठेवा. प्रत्येक गल्लीतल्या दोन माणसांचे नंबर, दोन वेगवेगळ्या समाजांचे. आधी ठाण्याने स्वतः खात्री करायची, जागेवर अंमलदार पाठवून. मग या माणसांना फोन, मेसेज नव्हे. ते आपापल्या गल्लीत खाली उतरून उभे राहतात आणि एवढंच सांगतात, “मी आत्ता नाक्यावरून आलो, काही नाही.” ओळखीच्या माणसाने समोर उभं राहून सांगितलेलं वाक्य व्हिडिओपेक्षा भारी पडतं.

समितीचा ग्रुप ठेवायचा तर फक्त ठाण्याला संदेश टाकता येईल असा ठेवा. सुप्रभात, श्रद्धांजली, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांनी भरलेल्या ग्रुपवरचा महत्त्वाचा संदेश त्या रात्री कोणी वाचत नाही.

काम चाललंय हे कसं ओळखायचं

महिन्याच्या अहवालात ‘घेतलेले कार्यक्रम : ११, उपस्थिती : ८५०’ असं लिहायची पद्धत आहे. लिहा, वरून मागतात. पण स्वतःसाठी दुसरे आकडे ठेवा. वहीतल्या किती नोंदींचा पाचवा रकाना भरला गेला. बैठकीला येणाऱ्यांत न बोलावता आलेले किती. बायकांनी स्वतः दिलेल्या तक्रारी गेल्या वर्षीपेक्षा किती. सुरुवातीला तक्रारी वाढतात आणि वरिष्ठ विचारतात, “तुमच्या हद्दीत गुन्हे वाढले का?” त्यांना सांगा की गुन्हे होतेच, आता लोक येऊन सांगू लागलेत. हे उत्तर द्यायला थोडं धैर्य लागतं आणि विभागाच्या अधिकाऱ्याने ते आपल्या वरिष्ठ निरीक्षकांच्या वतीने द्यावं.

या सगळ्याला सर्वांत मोठा धक्का बदलीचा. हवालदार बदलतो आणि दोन वर्षांची ओळख एका दिवसात पुसली जाते. मी पाहिलेल्या चांगल्या समित्यांतल्या निम्म्या अशाच संपल्या. म्हणून विभागाने एक नियम करावा : बीट बदलताना जुन्या अंमलदाराने नव्याला दोन दिवस बीटवर फिरवायचं. एकेका आजीच्या दारात, रिक्षा स्टँडवर, मुख्याध्यापिकेच्या खोलीत, मौलानांकडे, मंडळाच्या मुलांकडे. “हे आता माझ्या जागी. माझ्याशी जसं बोलत होता तसंच यांच्याशी बोला.” मग चौकीत परत यायचं आणि वहीत उघड्या राहिलेल्या प्रत्येक नोंदीसमोर, जुन्याच्या देखत, नव्याने सही करायची.